मदत हवी आहे: अपघाताची केस, डॉक्टरकीची नोंदणी आणि ‘दंड भरून मोकळ्या व्हा’

नमस्कार मंडळी,

मी एमबीबीएस, राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे. मागच्या पावसाळ्यात रात्रपाळी संपवून घरी येताना वळणावर माझ्या गाडीची एका दुचाकीला धडक बसली. दुचाकीवरच्या मुलाच्या नडगीचं हाड मोडलं होतं. छत्रीचा दांडा आणि ओढणी वापरून मीच पाय बांधला, मीच हॉस्पिटलात नेलं. (एफआयआरमध्ये यातलं अक्षर नाही. असो.) आता दोषारोपपत्र आलंय: भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि १२५ (बी) (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत).

वकील म्हणतात, “मॅडम, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळ्या व्हा. किती वर्षं तारखा करणार?” घरचेही त्याच सुरात. पण नोंदणीचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे, शिवाय ब्रिटनला जायचं डोक्यात आहे. वकिलांना त्याबद्दल विचारलं तर “त्याचा इथे काय संबंध?” खरंच संबंध नाही का? तारीख तीन आठवड्यांवर आहे, झोप उडालीय.

—

काळा कोट:

डॉक्टर, आधी एक करा: कबुली देऊ नका. कबुलीवर दंड झाला की तो वाहतूक पोलिसाच्या पावतीसारखा नसतो, ती दोषसिद्धी असते. आणि डॉक्टरकीच्या नोंदणीच्या बाबतीत सगळं त्या एका शब्दाभोवती फिरतं. नुसता एफआयआर किंवा दोषारोपपत्र आलं म्हणून नाव आपोआप कमी होत नाही.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम काढून सातवं प्रकरण वाचा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवणं हे गैरवर्तन धरलंय. निष्काळजी ड्रायव्हिंग सहसा नैतिक अधःपतनात मोडत नाही, लाच किंवा फसवणूक मोडते. पण त्याच ओळीत ‘गुन्हेगारी कृत्य’ असेही शब्द आहेत, म्हणून मी निर्धास्त राहा म्हणणार नाही.

जखमी माणसाशी बोलणं झालंय का? १२५ (बी) ची तडजोड तो न्यायालयाच्या परवानगीने करू शकतो, आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. २८१ मात्र तडजोडीत बसत नाही. त्यासाठी त्याच्या संमतीने उच्च न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ५२८ खाली केस रद्द करून मागता येते. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, पण कबुलीपेक्षा स्वस्तच.

—

परदेशी नर्स:

ताई, ब्रिटनचं गणित वेगळं आहे हो. तिथली जनरल मेडिकल कौन्सिल फक्त शिक्षेचं विचारत नाही. जगात कुठेही फौजदारी आरोप ठेवला गेला तरी डॉक्टरने कळवायचं असतं. म्हणजे केस रद्द झाली तरी फॉर्ममधला प्रश्न शब्दन् शब्द वाचा: ‘आरोप’ विचारलाय की ‘शिक्षा’? अपघातापेक्षा लपवालपवीच जास्त महागात पडते. आपल्याकडेही नोकरीच्या फॉर्मात केस दडवण्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, वकिलांकडून समजून घ्या.

—

मूळ लेखिका:

दोघांचेही आभार. तो मुलगा आता कुबड्या सोडून चालतोय, त्याच्या आईचा फोन अधूनमधून येतो. तडजोडीचं आजवर कुणी सुचवलंच नाही! वकील बदलावा का, की यांनाच ५२८ बद्दल विचारू? आणि मुलाच्या घरच्यांशी बोलताना पैशांचा विषय मी काढायचा की वकिलांनी?

—

काळा कोट:

वकिलांनी. तुम्ही एकट्या जाऊ नका, उद्या ‘साक्षीदाराला फितवलं’ म्हणतील.