मदत हवी आहे: चार दिवस घर बंद, वेल्ड कॅमेलियनची सोय कशी करावी?

प्रश्न (डॅलसकर):
थँक्सगिव्हिंगला बुधवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परत येणार आहे. वेल्ड (veiled) जातीचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यांपैकी एक नर, वय दीड वर्ष, तब्येत चांगली. पिंजरा जाळीचा, २ × २ × ४ फूट, आत मनी प्लांटच्या वेली. ऊन-दिवा (उन्हासारखी ऊब देणारा) आणि यूव्हीबीची (अतिनील किरणांची) नळी टायमरवर, १२ तास. पाणी मात्र सकाळ-संध्याकाळ हातपंपाने फवारतो. शेजारचे स्नेही रोज एकदा येतील, पण त्यांना किड्यांची किळस आहे. पिंजरा त्यांच्याकडे हलवावा का? खाण्याचं काय करावं? निघायला तीन आठवडे आहेत.

उत्तर (पानओल):
हलवू नका. जागा बदलली की कॅमेलियन ताणाखाली खाणंपिणं सोडू शकतो. शिवाय दिवा आणि फांदी यांच्यातलं जमवलेलं अंतर हलवाहलवीत बिघडतं.

खाण्याची काळजी सर्वांत कमी करा. या वयाच्या नराला एरवीही एक दिवसाआड चार-पाच किडे पुरतात. बुधवारी सकाळी दिवे लागल्यावर नेहमीइतके डुबिया (खाद्य म्हणून वाढवलेली झुरळं) द्या, त्यावर व्हिटॅमिन डी-३ नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरा. पुढचा घास थेट रविवारी सकाळी. निरोगी प्रौढ नर एवढा काळ आरामात काढतो. निघताना जास्तीचं खाऊ घालू नका आणि पिंजऱ्यात मोकळे क्रिकेट (रातकिडे) तर अजिबात सोडू नका. उरलेले क्रिकेट रात्री झोपलेल्या जनावराला कुरतडतात.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. साचलेलं पाणी हा प्राणी सहसा ओळखतच नाही, पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे वाटी भरून ठेवणं व्यर्थ. स्वयंचलित फवारणी यंत्र याच आठवड्यात घ्या, म्हणजे चाचणीला वेळ मिळेल. दिवे लागण्याआधी २ मिनिटं आणि दिवे मालवल्यावर २ मिनिटं, एवढं पुरे. टायमर सेकंदांत लावता येणारा हवा. साध्या टायमरचा सर्वांत लहान टप्पा बहुतेक वेळा १५ मिनिटांचा असतो आणि तेवढ्यात खोलीत तळं होईल.

पाण्याचा हिशोब असा: नोझल मोजपात्रात धरून एक फेरी चालवा. समजा २५० मिलि निघालं, तर दिवसाला अर्धा लिटर, चार दिवसांना दोन. टाकीत चार लिटर ठेवा. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं (क्षार काढणाऱ्या फिल्टरचं) घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार नोझल बुजवतात. टाकी नोझलपेक्षा खालच्या पातळीवर हवी, नाहीतर पंप बंद झाल्यावरही पाणी आपोआप ठिबकत राहतं. पिंजऱ्याखालची निचऱ्याची बादली टाकीएवढी किंवा मोठी ठेवा. मग टायमर अडकून सगळी टाकी रिकामी झाली तरी ते पाणी बादलीत मावेल. वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता तिथेच गळेल. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका.

घर रिकामं म्हणून हीटिंग उतरवू नका. ऊन-दिवा खोलीच्या तापमानात ठराविक भर घालतो. ७२ अंश फॅरेनहाइटच्या खोलीत फांदीवर ८५ मिळत असतील, तर खोली ६० वर गेली की फांदीवर साधारण ७३ उरतील, आणि तेवढ्यात अन्न नीट पचत नाही.

उत्तर (जाळीकाम):
वरचं सगळं पटलं. स्नेह्यांचं काम पाच मिनिटांचं, पण तेच सर्वांत मोलाचं आहे. पिंजरा उघडायचा नाही, हात लावायचा नाही. चार गोष्टी बघून फोटो पाठवायचे: टाकीची पातळी कालपेक्षा खाली गेली का, बादली किती भरली, दोन्ही दिवे चालू आहेत का, डोळे उघडे आहेत का. म्हणून त्यांना दुपारी बोलवा, रात्री नको. पातळी हलली नसेल तर यंत्र बंद आहे असं समजून जाळीबाहेरून हातपंपाने पानं भिजवायची, पाणी थेट तोंडावर मारायचं नाही.

विष्ठेचाही फोटो मागवा. तिच्यातला युरेटचा (घट्ट झालेल्या लघवीचा) भाग पांढरा हवा. गडद नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय. भर दिवसा डोळे मिटलेले दिसले तर मात्र शनिवारची वाट पाहू नका. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याचा पत्ता आणि सुट्टीतली वेळ आधीच फोन करून विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे बरेचसे दवाखाने यांना घेत नाहीत.

प्रश्न (नवी_वाचक):
मादी असेल तर हेच चालेल का?

उत्तर (पानओल):
तिच्या पोटात अंडी नसतील तरच. वेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते. पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या, फुगलेलं पोट, अचानक सोडलेलं खाणं, यांपैकी काही दिसलं तर सहल पुढे ढकला. अंडी अडकली तर जिवावर बेतू शकतं. एरवीही ओलसर वाळूची फूटभर खोल पेटी आत कायम असू द्या.

प्रश्न (कोथरूड):
आपल्याकडचा रानातला कॅमेलियन असा पाळता येतो का?

उत्तर (जाळीकाम):
नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पकडणं, घरात ठेवणं, दोन्ही गुन्हा. जखमी सापडला तर वनविभागाला कळवा.

डॅलसकर:
सर्वांचे आभार. यंत्र आजच मागवतो. चाचणी किती दिवस घ्यावी?

पानओल:
निदान आठवडाभर, आणि त्यातले शेवटचे चार दिवस टाकीला हात न लावता. पानं दोन फेऱ्यांच्या मधे सुकायला हवीत. सुकत नसतील तर रात्रीची फेरी १ मिनिटावर आणा. कायम ओल्या पिंजऱ्यात बुरशी धरते आणि श्वसनाचा संसर्ग होतो.