उन्हातला खून: रहस्यकथा की सहलीची जाहिरात?

चष्मिष्ट (धागाकर्ता)

गेल्या दोन महिन्यांत सिसिलीच्या इन्स्पेक्टर मोंताल्बानोची सात पुस्तकं लागोपाठ वाचली. आठवं हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं, की आधीच्या सातांतले खुनी कोण होते ते मला धड सांगता येणार नाही. जेवणं मात्र सांगता येतील. कामवाल्या आदेलिनाने करून ठेवलेले आरांचिनी (भाताचे तळलेले गोळे), एन्झोच्या खानावळीतली मासळी, त्यानंतर धक्क्यावरून दीपस्तंभापर्यंत शतपावली आणि तिथल्या सपाट खडकावर बसून ओढलेली सिगारेट.

म्हणून हा धागा. भूमध्य समुद्राकाठच्या या कथांत रहस्य असतं तोंडी लावण्यापुरतं. पान वाढलेलं असतं ऊन, समुद्र आणि मासळीचं. व्हेनिसच्या ब्रुनेत्तीचंही तेच, खुनाचा तपास चालू असताना दुपारी घरी गरम जेवण. त्याची लेखिका डोना लिऑन मूळची अमेरिकी, आणि पुस्तकांचं इटालियन भाषांतर होऊ द्यायचं नाही असं तिनेच ठरवलेलं. मग ही पुस्तकं कोणासाठी? मोंताल्बानोच्या टीव्ही मालिकेत त्याचं म्हणून जे पुंता सेक्कातलं घर दाखवलं, तिथे आता खोल्या भाड्याने मिळतात. खुनाच्या गोष्टीतून लॉज निघत असेल तर गोष्टीतच काहीतरी मऊ पडलंय.

त्यापेक्षा स्वीडनचा इन्स्पेक्टर वालांडर परवडला. नुसतं आभाळ बघितलं तरी कळतं, काहीतरी वाईट झालंय.

घाटावरचा

आभाळच सांगणार असेल तर पोलीस कशाला हवेत?

मुक्काम_तोरिनो

इटलीत आठ वर्षं झाली, म्हणून जरा लांबण लावतो. तुम्ही मालिका आणि पुस्तक एकत्र कालवताय. मोंताल्बानोचा लेखक कामिल्लेरी, त्याच्या पुस्तकांतलं विगाता हे काल्पनिक गाव त्याच्या जन्मगावावर, पोर्तो एंपेदोक्लेवर, बेतलेलं आहे. ते आग्रिजेंतो भागातलं कामाचं बंदर. मालिकेचं बरंचसं चित्रीकरण झालं रागुझा भागात, जिथली जुनी शहरं जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गाव बदललं, पोस्टकार्ड तयार! (तुमच्या बाजूचंही सांगून टाकतो: २००३ मध्ये पोर्तो एंपेदोक्लेने स्वतःच आपल्या नावापुढे 'विगाता' जोडून घेतलं. काही वर्षांनी काढून टाकलं.)

दुसरं, भाषा. १९९४ साली पहिलं पुस्तक आलं तेव्हा कामिल्लेरी सत्तरीला टेकला होता. त्याने लिहिलं ते सिसिलियन मिसळलेल्या इटालियनमध्ये. माझे इथले उत्तरेकडचे सहकारी पहिली वीसेक पानं अडखळतात. कोणी मालवणीत भिजवलेल्या मराठीत कादंबरी लिहावी आणि नागपूरकराने ती वाचावी, तसं. पर्यटकाला खूश करायला कोणी असं लिहितं का? आपण वाचतो इंग्रजीतून. तिथे ती भाषा पातळ होते आणि गाळणीत उरतात ते मासे. दोष गाळणीचा.

दुपारची_झोप

ऊन म्हणजे सजावट, हेच मला पटत नाही. कामिल्लेरीच्या आधी त्याच भागातला लिओनार्दो शाशा होता. त्याच्या १९६१ च्या कादंबरीची सुरुवात आठवा. भल्या सकाळी गावच्या चौकात पालेर्मोची बस सुटतेय, एक माणूस धावत येऊन पायरीवर पाय ठेवतो आणि दोन गोळ्या घालून त्याला पाडतात. बसभर लोक. पोलीस येईपर्यंत बस रिकामी. कंडक्टरला एकाही प्रवाशाचा चेहरा आठवत नाही! चौकात पानेल्ले विकणारा होता, त्यालाही विचारतात. तो म्हणतो, 'का? गोळीबार झाला?'

उत्तरेकडच्या कथेत अंधार पुरावा लपवतो. इथे लपवायला काही नाही, सगळ्यांनी बघितलंय, बोलायचं कोणालाच नाही. मी उन्हासाठी वाचते ती यासाठी. आपल्याकडे चार माणसांच्या देखत रस्त्यात काही झालं की मी बघणाऱ्यांचे चेहरे बघते. तो पानेल्लेवाला मला तिथे दर वेळी दिसतो.

अवांतर: पानेल्ले म्हणजे डाळीचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, कापून तळलेलं. थोडक्यात तळलेली पाटवडी. खुनाचा साक्षीदार पाटवडी विकतोय हे कळल्यापासून ती कादंबरी मला फारच घरची वाटते.

चष्मिष्ट

पाटवडीबद्दल आभार, पण तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. शाशाचा कॅप्टन पार्माहून येतो, सत्यापर्यंत पोचतो आणि तरी हरतो. वाचून झाल्यावर जेवण जात नाही. कामिल्लेरीने तोच मुलूख घेतला आणि त्यात खानावळ घातली. मौन तेच, पण आता त्याबरोबर वाइन आहे.

रस्सा_कमी

सात वाचलीत त्यात 'ऑगस्ट हीट' नसावं. भाड्याने घेतलेल्या बंगल्याखाली एक अख्खा मजला पुरलेला निघतो. बेकायदा बांधलेला, कधीतरी सरकार दंड भरून माफी देईल या आशेवर माती टाकून झाकलेला. त्यात एक पेटी, पेटीत मुलीचं प्रेत. गुंठेवारी नियमित होण्याची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यातलं ऊन वाचताना मी पंखा पाचवर केला होता. कसली सहल!

आणि 'राउंडिंग द मार्क' (मूळ २००३) मध्ये तर तुमचा तो निळा समुद्रच घ्या. सकाळी पोहताना मोंताल्बानोच्या अंगाला कुजलेलं प्रेत लागतं. पुढे प्रकरण होडीतून येणाऱ्या स्थलांतरितांपर्यंत जातं. शिवाय २००१ मध्ये जेनोव्हात जी-८ परिषदेच्या वेळी पोलिसांनी शाळेत झोपलेल्या आंदोलकांना बदडलं, त्या लाजेने हा माणूस राजीनाम्याच्या गोष्टी करतोय. हे कुठल्या माहितीपत्रकात छापतात?

जेवणाचं म्हणाल तर ते बार्सिलोनाहून आलंय. मोंताल्बानो हे आडनाव तिथल्या लेखकाला, मानुएल वास्केस मोंताल्बानला, केलेला नमस्कार आहे. त्याचा गुप्तहेर पेपे कार्वाल्यो रात्री-अपरात्री स्वयंपाक करतो आणि शेकोटी पेटवायला स्वतःची पुस्तकं जाळतो. स्पेनच्या हुकूमशहा फ्रँकोची राजवट पाहिलेला, सगळ्या विचारधारांचा कंटाळा आलेला माणूस. विश्वास ठेवायला उरलंय काय, तर ताटातलं. ते खाणं सुखाचं नाहीये हो.

घाटावरचा

यात अथेन्सचा पोलीस अधिकारी खारितोस राहिला. पेत्रोस मार्कारिसचा. ऊन आहे, पण साहेब ट्रॅफिकमध्ये घामाघूम. ग्रीस कर्जात बुडाला त्या २०१० सालच्या पुस्तकात बँकवाल्यांची मुंडकी उडवली जातात आणि वाचक गुपचूप खुनी सापडू नये म्हणतो. बायको भरलेले टोमॅटो करते तेवढाच गारवा.

बाकी अर्नाळकरांचा झुंजार कधी नीट जेवायला बसल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणूनच त्याची धावपळ संपत नसावी.

चष्मिष्ट

'ऑगस्ट हीट' मागवलंय. कार्वाल्योचंही बघतो. गाळणीचा मुद्दा पटला, इटालियन शिकायचं वय मात्र गेलं. ब्रुनेत्तीबद्दल तसूभरही हलणार नाही.

सध्या आठव्या पुस्तकात पान ६० वर आहे. खून एक, जेवणं तीन.