‘यजमान सरकार’ म्हणजे नेमकं कोण?

अनुवादक_धंतोली: बहुराष्ट्रीय कंपन्या आणि सरकारं यांच्यातल्या वाटाघाटींवरचं टिपण मराठीत आणते आहे. ‘होस्ट गव्हर्नमेंट’ला, म्हणजे परदेशी कंपनी ज्या देशात येते तिथल्या सरकारला, ‘यजमान सरकार’ केलं, तर शेरा आला: ‘यजमान म्हणजे नवरा.’ दुसरा शब्द सुचवा.

धातुपाठ: शेरा मारणाऱ्यांना ‘आमचे यजमान’ एवढंच ठाऊक दिसतं. धातू यज्, म्हणजे यज्ञ करणं. यजन्ति याजकाः, यजते यजमानः: दुसऱ्यासाठी केला तर ‘यजन्ति’, स्वतःसाठी केला तर ‘यजते’. विधी भटजी करतो, फळ यजमानाला, आणि दक्षिणाही त्यानंच द्यायची. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत सरकार कारखान्यांना मुद्रांक शुल्क सोडतं, वीज शुल्क माफ करतं, राज्य जीएसटीचा परतावा देतं. शब्द चपखल आहे!

हिंगणा_एमआयडीसी: परतावा म्हणजे हातावर ठेवलेली रक्कम नव्हे. उत्पादन सुरू झाल्यावर दरवर्षी दावा लावायचा, तोही गुंतवणुकीच्या ठरलेल्या टक्क्यांपर्यंतच.

धातुपाठ: दक्षिणाही कर्म उरकल्यावरच देतात, साहेब.

हिंगणा_एमआयडीसी: असू द्या. ‘इथलं सरकार’ लिहा, कारखान्यात सगळ्यांना कळेल.

अनुवादक_धंतोली: टिपणात तीन देश आहेत, ‘इथलं’ कुठलं? बरं, ‘स्थानिक पुरवठादार’ला तरी कुणाची हरकत नाही ना?

बुटीबोरीवाला: खरी गोम तिथंच आहे. आपल्याकडे स्थानिक म्हणजे नागपूरचा, फार तर विदर्भाचा. सरकारी खरेदीच्या 2017 च्या ‘मेक इन इंडिया’ आदेशात पत्त्याला किंमत नाही, मालातल्या देशी हिश्श्याला आहे. जून 2020 च्या सुधारणेनंतर 50 टक्के किंवा जास्त असेल तर वर्ग-1 स्थानिक पुरवठादार, 20 ते 50 च्या मध्ये वर्ग-2. म्हणजे चेन्नईचा कारखाना स्थानिक, आणि आयात सुटे भाग नुसते जुळवणारा नागपूरजवळच्या वाडीतला माणूस परका! वाहतूक, विमा, बसवणी, विक्रीनंतरची सेवा हा खर्च हिश्श्यात धरता येत नाही. लोक धरतात, आणि देशी हिश्श्याचं घोषणापत्र तिथंच अडकतं.

धातुपाठ: मग ‘देशी पुरवठादार’ म्हणा.

हिंगणा_एमआयडीसी: नागपुरात ‘देशी’ म्हटल्यावर कोणतं दुकान आठवते, ते सांगू काय?

मिहानकर: त्याहून अवघड ‘ऑफसेट’. लोकांना छापखाना वाटतो. राफेलच्या 2016 च्या करारात 50 टक्के ऑफसेट होतं, म्हणजे कराराच्या निम्म्या किमतीएवढं काम किंवा खरेदी भारतात करायची. पण वर्कशॉपला बहुतेक मिळतं मजुरीकाम. धातू ‘फ्री इश्यू’ येतो, म्हणजे काम देणारी कंपनीच तो बिल न लावता पाठवते. समजा ठोकळा 10,000 चा आणि मशिनिंग 1,500 चं, तर आपलं बिल 1,500 चंच. पहिल्या नगाची ड्रॉइंगवरची मापं एकूण एक मोजून नोंदवायची, ती पास झाल्याशिवाय पुढचा लॉट नाही. माल विक्रीच्या बिलावर नाही, डिलिव्हरी चलनावर येतो. वर्षभरात परत गेला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून पाठवणाऱ्यावर जीएसटी लागतो.

अनुवादक_धंतोली: ‘फ्री इश्यू’ला ‘आयता माल’ चालेल?

बुटीबोरीवाला: आयता काहून? एक भोक तिरपं गेलं की ठोकळ्याची डेबिट नोट येते, म्हणजे त्याची किंमत आपल्याच बिलातून कापतात.

धातुपाठ: ‘ठेवीचा माल’ घ्या. ठेव म्हणजे दुसऱ्याची, सांभाळून परत करायची.

मिहानकर: ठेव जशीच्या तशी परत करतात. इथं 10 किलोच्या ठोकळ्याचा दीड किलोचा नग परत जातो, बाकी सगळा बुरादा. त्या बुराद्याचाही हिशेब मागतात. त्याला काय म्हणायचं?