अनुभव धागा : पऱ्हाटीचं बियाणं, फवारणीचं औषध आणि सरकारचा हात

बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या पऱ्हाटीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या वर गेलं, त्यात मोठा वाटा परदेशी तंत्रज्ञानाच्या शुल्काचा. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, तेव्हा कुठे ते साडेसातशेवर आलं. म्हणजे भाव बांधता येतो. पण पीक फसलं, माणूस दगावला, तर कंपनीला कोण विचारतं? आपापल्या वावरातलं लिहा. कंपनीचं, दुकानाचं नाव नको.

राळेगाव तालुका
२०१७ मध्ये सहा एकर पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीनं खाल्ली. बोंड फोडलं की आत अळी. कृषी सहायकानं जी फॉर्म, म्हणजे नुकसानीच्या तक्रारीचा अर्ज, भरायला लावला. बिल, पाकीट, टॅग जोडा म्हणाले. बिल होतं, पाकीट जूनमध्येच धुऱ्यावर फेकलेलं. शेजाऱ्याजवळ सगळं होतं. त्याला कंपनीच्या माणसानं विचारलं, सोबतचं नॉन बीटीचं पाकीट कडेनं लावलं होतं का? नव्हतं लावलं. आमच्या गावात कोणीच लावत नव्हतं. अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून ते असते, हे विकताना कोणी सांगितलंही नव्हतं.

आर्णीकडून
त्याच वर्षी मोठा भाऊ फवारून आला न् म्हणे, डोळ्यापुढं अंधारी येते. चार दिवस दवाखान्यात होता, वाचला. फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी आली, तोवर फवारण्या सरत आल्या होत्या. पुढे दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी थेट स्वित्झर्लंडच्या कोर्टात गेले, कारण औषधाची कंपनी तिथली. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला दाद मागायला बासेल गाठावं लागलं, हे मला अजून सहन होत नाही.

कृषी खात्यात नोकरी केलेला
दुकानाचा परवाना जिल्ह्यातून, बियाणं कंपनीचा पुण्याहून, औषधाची नोंदणी फरीदाबादहून. मी नमुना घ्यायचो. अहवाल येईपर्यंत माल विकून पेरणीही उरकलेली असायची. कारवाई व्हायची ती दुकानदारावर, कारण तोच हाताशी सापडायचा.

अकोट
निंदणाला बाया मिळत नाहीत, म्हणून आमच्याकडे चोर बीटी लावतात, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं, परवानगी नसलेलं बियाणं. त्याचं बिल नसते. गेल्या साली अर्धं उगवलंच नाही, अन् तक्रार कुठं न्यावी ते कोणालेच माहीत नव्हतं.