आई लाल बावट्याच्या युनियनमध्ये आहे, चर्चला हे चालतं का?

अशोकचौक_सोलापूर:
आमचं घर कॅथलिक. आई लग्नाआधीपासून बिड्या वळते आणि लाल बावट्याच्या युनियनची सभासद आहे. परवाच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर नात्यातल्या एका काकांनी तिला चारचौघांत सुनावलं, "कम्युनिस्टांची पावती फाडायची आणि वर ख्रिस्तशरीर (मिस्सातला पवित्र प्रसाद) घ्यायला पुढं यायचं?" तेव्हापासून आई नीट जेवत नाही. चर्चची शिकवण नेमकी काय आहे? भांडवलशाही चालते, समाजवाद तेवढा चालत नाही, असं आहे का?

जुनी_मिल:
ताई, आईंना आधी जेवायला बसवा. मजुरीसाठी संघटनेत जाणं हे पाप नाही. माझे वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो, म्हणून हे सगळं मुळातून वाचलंय.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक, म्हणजे चर्चची शिकवण सांगणारं पत्र, काढलं. त्यात समाजवादाला साफ नकार आहे, कारण घामाच्या पैशातून घेतलेलं घर, जमीन ही त्या माणसाची, ती सरकारने काढून घेऊ नये. पण कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, हेही त्यातच आहे. आणि मजुरीबद्दल तर फार रोखठोक लिहिलंय: मालक-मजूर दोघं राजी झाले एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट तिच्यात भागलं पाहिजे. नाइलाजाने कमी मजुरी पत्करावी लागली, तर तो त्याच्यावर झालेला जुलूमच. मजुरी बुडवणं हे देवाच्या दारी आक्रोश करणारं पाप, असं सांगताना बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा आधार दिलाय.

आता कारखान्यात काय चालतं ते आईंनाच विचारा. सूप पुढं केलं की तपासणारा बिड्या चाळतो आणि 'छाट' म्हणून बाजूला काढतो. त्या बिड्यांचे पैसे नाहीत, पान-तंबाखू मात्र हिशोबात धरलेली. पान कमी भरलं तर बाईने पदरचे पैसे घालून आणायचं. एकटी बाई तिथं काय बोलणार? उद्यापासून काम बंद म्हटलं की संपलं. लिओ पोपनी ज्याला जुलूम म्हटलं, तो हाच.

भांडवलशाहीचं म्हणाल, तर तिलाही चर्चने मोकळं रान दिलेलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी दगडाच्या खाणीत राबले होते. 1981 मध्ये त्यांनी लिहिलं की श्रम आधी, भांडवल नंतर. 1991 मध्ये, म्हणजे सोव्हिएत राजवट कोसळत असताना, ते म्हणाले की धंद्याचं स्वातंत्र्य मान्य, पण ते कायद्याच्या चौकटीत आणि माणसाच्या कामी येणारं हवं. नाहीतर अशा भांडवलशाहीला आमचा नकार.

रविवारची_घंटा:
तुम्ही अर्धंच सांगताय. चांगला कॅथलिक आणि खरा समाजवादी एकाच वेळी होता येत नाही, हे पोप पायस अकरावे यांनी 1931 च्या परिपत्रकात लिहिलंय. 1937 मध्ये त्यांनीच कम्युनिझम मुळातच वाईट ठरवून सहकार्यालाही मनाई केली. व्हॅटिकनच्या 1949 च्या फर्मानाने कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व निषिद्ध केलं. काकांची बोलण्याची पद्धत चुकली, मुद्दा नाही.

जुनी_मिल:
तुम्ही दिलेलं सगळं खरं आहे आणि मी ते मानतो. देव नाही, माणूस म्हणजे नुसता देह, वर्गावर्गात वैर हाच इतिहास, ही शिकवण कॅथलिकाने घेऊ नये. पण ताईंच्या आईने पावती फाडलीय युनियनची. 1931 च्याच परिपत्रकात युनियनबद्दल वेगळं लिहिलंय: जिथं कॅथलिकांना स्वतःची संघटना काढणं जमत नाही, तिथं बिशपांच्या संमतीने बिगरधार्मिक युनियनमध्ये जाता येतं. अट अशी की तिने न्याय पाळावा आणि कॅथलिक सभासदांना आपल्या विवेकाप्रमाणे वागू द्यावं. सोबत श्रद्धेचं शिक्षण देणारी मंडळंही हवीत. सोलापुरात कॅथलिक बिडी कामगार असे किती? त्यांनी वेगळी युनियन काढली तर कुठला मालक बोलणी करेल? तेव्हा लाल बावटा या अटीत बसतो का, एवढंच तपासायचं. आणि सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार बायकांची 10,000 घरं याच चळवळीच्या रेट्यातून झाली, स्वतःच्या नावावर. घर कामगाराच्या मालकीचं व्हावं, हे तर लिओ पोपच सांगत होते.

अशोकचौक_सोलापूर:
आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणते, मोर्चात कुणी कधी धर्म विचारला नाही, आणि सभा रविवारी सकाळी असली तर ती मिस्सा करूनच जाते. 1931 चा तो परिच्छेद मला हवाय. या रविवारी फादरांना दाखवून, काका समोर असतानाच विचारणार आहे.