सायकलच्या लोखंडी मडगार्डचा खडखडाट पान्ह्याने जात नाही (माझं मत)

ॲक्सलनट:
सरळ मांडतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. मडगार्ड वाजायला लागलं की लोक पान्हा काढतात आणि दिसेल तो नट आवळत सुटतात, चार दिवस शांतता, मग परत खडखड. माझं म्हणणं असं की नट सैल असतो म्हणून मडगार्ड वाजतं हे अर्धंच खरं आहे, मडगार्ड ओढूनताणून बसवलेलं असतं म्हणून नट सैल होतो. मडगार्डला ॲक्सलपासून आधार देणारी सळई जरा आखूड पडली, किंवा मागच्या दोन दांड्यांमधल्या पट्टीपाशी थोडी फट राहिली, की मेकॅनिक हाताने दाबून धरतो आणि बोल्ट घालून मोकळा. पत्रा मग कायम सुटायला बघतो आणि प्रत्येक खड्ड्यात तोच एक बोल्ट मार खातो. त्यापेक्षा सगळं सैल करा, मडगार्ड चाकाभोवती आपणहून कुठं बसतंय ते बघा, सळया वाकवून त्याच्यापर्यंत आणा, फट उरली तर वॉशर घालून भरा. लोखंडाला लोखंड लागतं तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा. मग बेताने आवळायचं.

सांगली_अठ्ठावीस_इंची:
ट्यूबचा तुकडा 😂 दादा, ही शोभेची सायकल नाहीये. आमच्याकडे दुधाचे कॅन लावलेल्या सायकली येतात, कच्च्या रस्त्यावरून. रबर घातलं की आज आवळलेला नट महिन्याने सैल, कारण रबर दबतं आणि दबलेलंच राहतं, बोल्टचा ताण गेला की नट फिरणारच. आमचा उपाय जुना आहे, स्प्रिंग वॉशर घाला आणि दणकून आवळा. लोखंडी मडगार्ड आहे, काचेचं नाही.

ॲक्सलनट:
नटाखाली रबर घाला असं मी कुठं म्हटलं? रबर मडगार्ड आणि फ्रेमच्या मधे, नटाखाली साधा लोखंडी वॉशरच. आणि नट नायलॉक घ्यायचा, आतली नायलॉनची रिंग आट्यांना धरून ठेवते, त्यामुळे बोल्टचा ताण थोडा उतरला तरी नट जागचा हलत नाही. स्प्रिंग वॉशर रबराबरोबर चालत नाही हे मान्य, त्याला खाली कडक जागा लागते. आणि ही काही माझ्या डोक्यातली आयडिया नाही. फ्रान्समधे १९३० आणि ४०च्या दशकांत टूरिंग सायकलींच्या चाचणी-स्पर्धा व्हायच्या, खराब रस्त्यांवरून पळवायचे आणि काही तुटलं, सैल झालं की गुण कापायचे. तिकडच्या कारागिरांची ॲल्युमिनियमची मडगार्डं बसवायची पद्धत हीच, ताण द्यायचा नाही, मधे चामड्याचा किंवा रबराचा वॉशर. जपानच्या होंजोची मडगार्डं लावणारे आजही तसंच करतात.

सांगली_अठ्ठावीस_इंची:
ॲल्युमिनियम ताणात बसवलं तर बोल्टच्या भोकापाशी तडकतं, म्हणून त्यांना ते सगळे लाड करावे लागतात. आपला पत्रा पोलादी आहे आणि जाड आहे, तो वाकतो, पण असा पटकन तडकत नाही. त्यांचं औषध आपल्या रोगाला कशाला? नायलॉकचं मात्र पटलं, तो आम्ही पण लावतो.

घाटचढ्या:
तुम्ही दोघं पान्हा घेऊन बसा 🙏 प्लास्टिक लावा, विषय संपला. मी पावसाळ्यात २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) तेच लावतो, हलकं असतं, गंजत नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सेफ्टी. जर्मनीच्या एसकेएसच्या पुढच्या मडगार्डला सळईच्या टोकाशी क्लिप असते, काटकी टायर आणि मडगार्डच्या मधे अडकली की क्लिप सुटते. तुमच्या दणकून आवळलेल्या पुढच्या सळईत काटकी अडकली तर मडगार्ड चाकात गोळा होऊन माणूस हँडलवरून पुढे जातो.

सांगली_अठ्ठावीस_इंची:
क्लिपचा मुद्दा खराय, नाही म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलला प्लास्टिक किती टिकणार सांगा. आमचं वाकलेलं मडगार्ड हातोडीने सरळ होतं, तुमचं तडकलेलं कचऱ्यात जातं.

चेनकव्हरवाली_ताई:
अहो पण आवाज मडगार्डचाच आहे हे आधी ठरवलं का कुणी? जुन्या काळ्या सायकलीवर वाजायला काय कमी आहे, रॉड ब्रेकच्या कांड्या आहेत, चेनकव्हर आहे, स्टँड, कॅरियर, घंटीचं झाकण, आणि खडखड झाली की नाव कायम मडगार्डचं. मागचं चाक वीतभर उचलून सोडून द्या, मग एकेका भागाला हाताने घट्ट धरून परत सोडा, ज्याला धरल्यावर आवाज बंद झाला तो चोर. हात पोचत नसेल तर कापडाची पट्टी बांधून एक चक्कर मारा. आणि मागच्या ॲक्सलच्या नटाखाली बघा, तिथं मडगार्डची सळई, कॅरियरचा पाय आणि स्टँड सगळे एकावर एक बसतात. पंक्चर काढताना चाक उतरवलं की परत लावताना हा क्रम बदलतो, एखादा वॉशर गायब होतो, चेन ताणायला चाक मागे ओढलं तर सळईची जागाही सरकते. पंक्चरनंतर खडखड सुरू झाली असेल तर रबर कापायच्या आधी तो नट उघडा.

ॲक्सलनट:
ताई, हे मीच आधी लिहायला हवं होतं असं वाटावं इतकं बरोबर आहे. सळई सरकली की तेच, मडगार्डला ताण.

सांगली_अठ्ठावीस_इंची:
बघा, यात पण यांनी आपला ताण घुसवला 😄

मागची_सीट:
एक वेगळा मुद्दा. खडखड आणि घुंई हे दोन वेगळे आवाज आहेत. खडखड म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर आपटतायत, तिथं वॉशर, नट, रबर जे काय ते. पण काँक्रीटच्या रस्त्यावर सगळं घट्ट असूनही पत्रा घोंगावतो, तिथं तुमचा पान्हाही नको आणि ताणाचं तत्त्वज्ञानही नको. पत्रा थरथरतोय, त्याला वजन आणि मऊपणा द्या. गाड्यांच्या खालून मारतात तो काळा अंडरकोट आतून मारला की डब्यासारखा आवाज मंदावतो, वर उडणारे खडे पण टणटण वाजत नाहीत.

घाटचढ्या:
आतून ट्यूबची पट्टी चिकटवली तर? स्वस्तात होईल.

चेनकव्हरवाली_ताई:
नको! पट्टीखाली पाणी राहतं. या मडगार्डांच्या कडा आतल्या बाजूला वळवलेल्या असतात, चिखल तिथंच साचतो आणि गंज तिथूनच धरतो, वर पट्टी म्हणजे गंजाला पांघरूण. अंडरकोटसुद्धा गंज घासून, कोरडं करून मगच मारा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पोपडे धरेल.

नवखा_पेडल:
तुमच्या भांडणात माझा प्रश्न, हात लावून बघितलं तर माझ्याकडे सळईची क्लिप मडगार्डला जिथं रिबिटने जोडलीय ती रिबिटच हलते. नट नाहीच तिथं, आवळू काय?

ॲक्सलनट:
रिबिट ड्रिलने काढ, ५ मिमीचा बोल्ट घाल, डोकं आतल्या बाजूला म्हणजे टायरकडे आणि नट बाहेर, उलटं केलंस तर बोल्टचं टोक टायर खाईल. बटण हेड, म्हणजे बसक्या गोल डोक्याचा, मिळाला तर उत्तम. क्लिप आणि पत्र्याच्या मधे रबर, वर नायलॉक.

सांगली_अठ्ठावीस_इंची:
लगेच ड्रिल कशाला रे. चाक काढ, रिबिटच्या मागे जड लोखंड धर आणि पुढून हातोडीने दोन-चार बेताचे ठोके दे, बसेल. भोक मोठं झालं असेल आणि परत सुटली तर मग याचा बोल्ट घाल. रबर तुझ्या मर्जीवर.