मोठ्या मुलांच्या वर्गात मणी ओवणं थांबवू का?

विश्रामबागच्या बाई

नमस्कार मंडळी. मी सांगलीतल्या एका विशेष शाळेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. ११ वर्षं लहान गट माझ्याकडे होता, यंदा जूनपासून मोठा वर्ग आला. ९ मुलं, त्यांत दोन मुली, वय १५ ते १८. मदतीला एक मावशी.

आधी काय झालं ते सांगते. वर्गात बुधगावकडचा एक मुलगा आहे, १७ वर्षांचा. शंभरपर्यंत आकडे म्हणतो, तक्त्यावरच्या नोटा ओळखतो. त्याच्या नोंदवहीत 'पैशांची ओळख : साध्य' असा शेरा आहे. गेल्या महिन्यात त्याला समोरच्या दुकानात घेऊन गेले. २० रुपयांचा बिस्किटपुडा घ्यायचा होता. हातात ५०, २० आणि १० ची अशा तीन नोटा दिल्या होत्या. दुकानदार म्हणाले, "वीस दे बाळ." त्याने तिन्ही नोटा पुढे धरल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माणूस भला, त्यांनी विसाची तेवढी घेतली आणि बाकीच्या त्याच्या खिशात घातल्या. मग मी माझ्या पर्समधली शंभराची नोट दाखवली, तर म्हणाला, "ही न्हाई शंभरची." तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या तक्त्यावरची शंभराची नोट जुनी, निळसर आहे. बाहेर आता सगळीकडे जांभळी. आम्ही त्याला तक्ता शिकवला होता, पैसे नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. फाल्गुनात तो अठराचा होईल. अशा मुलांसाठी मोफत शिक्षणाचा कायदा १८ पर्यंतच. त्यानंतर अशा मोठ्या मुलांना काम देणाऱ्या कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर घर आणि टीव्ही.

आमचं वेळापत्रक असं : प्रार्थना, वार-तारीख, अक्षरं, अंक, जेवण, मग मणी ओवणं किंवा कागदी पिशव्या. दिवाळीआधी पणत्या रंगवणं. काही मुलं आठ-आठ वर्षं तेच मणी ओवतायत. मला हे सगळं मोडून स्वयंपाक, बाजार, बस, स्वतःचे कपडे असं सुरू करायचंय. पण पालक म्हणतात अक्षरं बंद करू नका. एक आई तर स्पष्ट म्हणाली, "बाई, दुकानात धाडायचं कशाला? लोकं हसत्यात. नाव लिवता आलं तर निदान सांगाय तरी येतंय." मला त्यांचं दुखणं कळतं.

काय ठेवू, काय सोडू? आणि ९ मुलांना घेऊन एकटी बाहेर पडू कशी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

साताऱ्याचे गुरुजी

बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी साताऱ्यात याच कामात २८ वर्षं घालवून निवृत्त झालो. माझ्या पहिल्या १० वर्षांत मीही तक्ताच शिकवत होतो, म्हणून हे लिहितो.

वेळापत्रक मोडायच्या आधी एक करा. प्रत्येक मुलाच्या घरी एक सकाळ जाऊन बसा, साडेसहा ते नऊ. काही विचारू नका, नुसतं बघा. आंघोळीला पाणी कोण काढून देतं, शर्टाची बटणं कोण लावतं, ताट कोण उचलतं. शेवटी आईला एकच प्रश्न विचारा : याला काय येत असतं तर तुमचा अर्धा तास वाचला असता? त्या उत्तरापासून त्या मुलाचा वैयक्तिक आराखडा सुरू करा. एकाला चहा, एकाला गुरांना वैरण टाकणं, एकाला धाकट्या भावाचं दप्तर भरणं. ९ मुलांना ९ वेगळी कामं निघतील आणि ते बरोबरच आहे. मजा अशी की दुकानाला हसतील म्हणणारी आईच या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तर देते.

मग कामाचे तुकडे पाडा. चहाचे मी १७ पाडले होते. आणि शिकवायला शेवटच्या तुकड्यापासून घ्या. पहिल्या आठवड्यात सगळा चहा तुम्ही करायचा, मुलाने फक्त गाळणीतून कपात ओतायचा आणि नेऊन द्यायचा. म्हणजे पहिल्याच दिवशी 'चहा मी दिला' हे त्याचं होतं. पुढच्या आठवड्यात गॅस बंद करणं आणि ओतणं. असं मागे मागे सरकत जायचं. सुरुवातीपासून शिकवलं की मूल पातेलं ठेवतं, पाणी ओततं आणि आपण म्हणतो "सरक आता, उशीर होतोय". मग शेवट त्याच्या वाट्याला कधी येतच नाही.

मदत काढून घेणं हे खरं अवघड. आधी हातावर हात, मग नुसतं कोपराला बोट, मग खूण, मग काहीच नाही. तोंडी सूचना शक्य तितक्या कमी ठेवा. हाताची मदत दिसते म्हणून काढता येते. तोंडाची दिसत नाही, ती चालूच राहते. माझा एक विद्यार्थी "आता काय?" ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचा नाही. ती सवय मीच लावली होती. सूचना दिल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. फार जड जातं, पण राहा.

आता पैसे. सुट्टे मोजून परत घेणं काही मुलांना कधीच जमणार नाही, आणि त्यावर वर्षं घालवू नका. 'वरचा दहा' शिकवा. पाकिटात फक्त दहा-दहाच्या नोटा किंवा नाणी. दुकानदार जो आकडा सांगेल त्याच्या वरचा दहा द्यायचा. मराठीत एक सोय आहे, आकड्याचं शेपूट ऐकलं की पुरतं : बावीस, तेवीस, सव्वीस... शेवटी वीस ऐकलं की तीन दहा. एकतीस, चौतीस, छत्तीस... तीस ऐकलं की चार. चाळीस ऐकलं की पाच. एकोणतीसलाही तीस ऐकू येतं, म्हणून एक दहा जास्त जाईल, तो परत येतो, बिघडत काही नाही. नुसते वीस सांगितले तरी तीच गत. पण पन्नासच्या पुढे हे मोडतं. एक्कावन्न-बावन्नमध्ये पन्नास ऐकूच येत नाही. तिथे न समजलेला आकडा म्हणजे वेगळ्या कप्प्यातली शंभराची नोट, एवढंच ठरवा. खऱ्या नोटांनीच करा, छापील खेळण्यातल्या आजच फेकून द्या.

बाहेर जाताना दोघांनाच न्या. बाकी सात मावशींबरोबर. दुपारी तीनला दुकान रिकामं असतं, त्या वेळी. तीन आठवडे एकच दुकान, मग मुद्दाम दुसरं. नाहीतर त्याला दुकान येत नाही, ते एकच दुकान येतं.

तासगावची आई

गुरुजींचं सगळं पटलं, पण अक्षरांबद्दल माझं वेगळं मत आहे. माझी मुलगी १९ ची. अक्षरं सोडू नका, बदला. 'क कमळाचा' आता कशाला? तिला 'महिला' वाचता यावं, 'धोका' वाचता यावं, एसटीवरची 'तासगाव' पाटी ओळखता यावी. तिने हे पूर्ण शब्दाचं चित्र म्हणून लक्षात ठेवलंय, अक्षर सुटं केलं तर तिला येत नाही. आणि सही. बँकेत अंगठा लावताना तिथला माणूस तिचा हात धरून शाईत बुडवायचा, तिला ते अजिबात आवडायचं नाही. सही आम्ही रांगोळीसारखी गिरवून घेतली, आठ महिने लागले. आता पेन हातात दिला की ताठ बसते.

बसचंही असंच. तिच्या कार्डावर एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण ती वर्षानुवर्षं मीच दाखवत होते. कार्ड कुठल्या कप्प्यात, कंडक्टर आला की काढायचं, परत मिळालं की त्याच कप्प्यात ठेवायचं, हे शिकवायला कुणी सांगितलं नव्हतं. ते शिकायला पंचवीस-तीस फेऱ्या लागल्या.

बाई, तुमच्या वर्गात दोन मुली आहेत म्हणालात, म्हणून स्पष्ट लिहिते. पाळीचं घरी कुणी शिकवत नाही, आई स्वतःच सगळं करत राहते. बाहुलीवर दाखवून आमचं काही झालं नाही. मी तिच्या निकरच्या आत लाल दोऱ्याने दोन टाके घातले, पॅड त्या दोन टाक्यांच्या मध्ये. पाळी नसताना रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी एकदा सराव. कधी बदलायचं ते कळावं म्हणून एका पॅडवर कुंकवाचं पाणी टाकून दाखवलं. मग कागदात गुंडाळणं, टाकणं, हात धुणं. सगळं न्हाणीघरातच आणि कडी लावून. कडीचा नियम फार महत्त्वाचा, मुलांनाही शिकवा : कपडे काढायचे ते कडी लावल्यावरच. आणि मोठ्या मुलांची कुणालाही मिठी मारायची सवय आत्ताच मोडून नमस्कारावर आणा. आठव्या वर्षी लोक कौतुक करतात, अठराव्या वर्षी तेच लोक मारायला धावतात.

मण्यांना मात्र अगदी नावं ठेवू नका. उन्हाळ्यात आमच्याकडे बेदाण्याचं काम असतं. ती माझ्याबरोबर शेडवर बसून काड्या निवडते, रोजगार घेते. तिची बोटं मण्यांवरच तयार झालीत. फक्त मण्यांनंतर पुढे काहीतरी हवं.

बँकवाला पुतण्या

पैशांबद्दल एक भर. माझ्या आत्याच्या मुलाला नोटा जमत नाहीत, पण फोन उत्तम जमतो. २०२४ पासून यूपीआय सर्कल आहे. खातं आत्याचं, पण मुलगा स्वतःच्या फोनवरून पैसे देऊ शकतो. एका प्रकारात प्रत्येक वेळी आत्याच्या फोनवर विचारणा येते, तिने होकार दिला तरच पैसे जातात. दुसऱ्या प्रकारात मर्यादा आधी ठरवून देता येते, महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार. पहिल्या प्रकारापासूनच सुरू करा. आणि फोनवर कुणी आकडे विचारले तर फोन ठेवून द्यायचा, हे आधी शिकवा.

कराडची बहीण

मी शिक्षिका नाही. माझा भाऊ ३६ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. आई तीन वर्षांपूर्वी गेली. ती त्याला शेवटपर्यंत घास भरवत होती, त्यातच तिचं प्रेम होतं. ती गेल्यावर तो चार दिवस ताटासमोर नुसता बसून राहिला. मला वाटलं दुःखाने जेवत नाही. दुःख होतंच, पण त्याला घास करताही येत नव्हता. हे लिहिताना अजूनही हात थरथरतो.

तो शिकला. ३३ व्या वर्षी. भाकरी मोडून कालवणात कुस्करायला दोन महिने. आता कुकरमधला भात वाढून घेतो, तीन तास घरी एकटा राहतो, माझा नंबर लावतो. माझी विनंती एवढीच, की तुमच्या यादीत 'एकटं राहणं' घ्या. पाच मिनिटांपासून. दार कुणाला उघडायचं, कुणाला नाही. लाईट गेली तर काय करायचं.

आणि पालकांना एक सांगा. १८ पूर्ण झाल्यावर आई-बाप हे कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. आमच्या आईने ते केलं नव्हतं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्यामागे बँकेच्या कामात आम्हाला फार त्रास झाला.

विश्रामबागच्या बाई

सहा आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. घरोघर फिरत होते. सात घरं झाली.

बुधगावच्या घरी आईला गुरुजींचा प्रश्न विचारला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "सकाळी मी डेरीला दूध घालाय जाते, तवा ह्यानं म्हाताऱ्याला चहा दिला तर." आजोबा अंथरुणाला आहेत. तर आम्ही चहा घेतला. आईला गॅसची भीती, म्हणून घरी विजेची किटली आणि शाळेतही तीच. शेवटापासून सुरू केलं. गुरुजी, गप्प राहणं खरंच सगळ्यात अवघड आहे. पहिल्या आठवड्यात मी ओठ दाताखाली धरून उभी होते. चौथ्या आठवड्यात आजोबांनी त्याच्या हातचा चहा घेतला. साखर फार झाली होती. आजोबांनी कप संपवला.

'वरचा दहा' पाच मुलांना सुरू केलंय. दोघांना शेपूट ऐकू येतं, तिघांना अजून नाही; त्यांना सध्या फक्त 'एक वस्तू, एक नोट'. वर्गातला नोटांचा तक्ता काढला. अक्षरांचा तास ठेवलाय, पण 'महिला', 'पुरुष', 'धोका', 'सांगली', 'मिरज'. तासगावच्या ताई, लाल दोऱ्याचे टाके मी आणि मावशींनी मिळून घातले. एका मुलीच्या आईने माझा हात धरला आणि काही बोललीच नाही.

मणी आठवड्यातून एकच दिवस. स्थानिक स्तर समितीबद्दल येत्या पालकसभेत सांगणार आहे. सर्कलचं दोन पालकांना दाखवलं, एकांनी चालू केलं.

आता अडलंय एका जागी. त्याच मुलाला शनिवारी आईबरोबर भाजीला पाठवायचंय, आणि त्याला कोथिंबीर आणि मेथी वेगळी कळत नाही. चित्रं दाखवली, जुड्या शेजारी ठेवल्या, पानांचा आकार दाखवला. दर वेळी मेथीच उचलतो. कुणी कशी शिकवली?

तासगावची आई

वासावरनं. डोळे मिटून, एक पान बोटात चुरडून नाकाशी धरायचं. आधी फक्त कोथिंबीर, आठ दिवस.